खुनी कोण हे ठाऊक असताना

ठरलेल्या रात्री, ठरलेल्या वेळी, वेगवेगळ्या शहरांत बसलेली दहा-बारा माणसे आपापल्या पडद्यावर एकच जुना चित्रपट लावतात. कोणीतरी ‘तीन, दोन, एक’ म्हणते, सगळे एकदम बटण दाबतात आणि जॉन ह्यूस्टनचा ‘द माल्टीज फाल्कन’ सुरू होतो. चित्रपट १९४१ चा. त्यातल्या गुप्तहेर सॅम स्पेडच्या भागीदाराला कोणी मारले हे या मंडळींतल्या बहुतेकांना पाठ असते. तरीही पडद्याच्या कडेला गप्पांची पट्टी अखंड सरकत असते: हम्फ्री बोगार्टची विडी वळण्याची ढब, पीटर लॉरच्या सुगंधी व्हिजिटिंग कार्डाचा वास, सिडनी ग्रीनस्ट्रीटचे पोट धरून हसणे. २०२० च्या टाळेबंदीत ही रीत जगभर पसरली आणि तिच्यावर तेव्हापासून दोन आक्षेप घेतले जातात. शेवट माहीत असलेला रहस्यपट पुन्हा पाहायचा तो कशासाठी, हा पहिला. आणि मध्ये मध्ये बोलत पाहणे म्हणजे त्या कलाकृतीचा अवमानच, हा दुसरा. दोन्ही आक्षेपांच्या मुळाशी एकच समजूत आहे. रहस्यपट म्हणजे एक कोडे. ते पहिल्या चौकटीपासून, गप्प बसून, एकदाच सोडवायचे असते. माझे म्हणणे असे की ही समजूत रहस्यपटाइतकी जुनी नाही. ती विसाव्या शतकाच्या मध्यावर, मुख्यतः जाहिरातीच्या गरजेतून पक्की झाली. त्याआधी हे चित्रपट तसे पाहिले जात नव्हते, आणि त्यातले जे अभिजात ठरले ते शेवट ठाऊक असलेल्या मंडळींनीच टिकवले.

सुरुवात त्या काळातल्या थिएटरच्या दारापासून करायला हवी. १९३० आणि ४० च्या दशकांत अमेरिकेतल्या बहुसंख्य थिएटरांत आपल्याकडच्यासारखे तीन, सहा आणि नऊचे बांधलेले खेळ नसत. दार उघडले की रात्री उशिरापर्यंत कार्यक्रम अखंड चाले: मुख्य चित्रपट, वार्तापट, कार्टून, येणाऱ्या चित्रपटांच्या झलकी आणि मंदीच्या वर्षांपासून पुष्कळ ठिकाणी त्याच तिकिटात आणखी एक छोटा चित्रपट. तिकिटावर खुर्चीचा क्रमांक नसे. कामावरून सुटलेला माणूस तिकीट काढून अंधारात शिरे, पडद्यावर जे चालू असेल तिथून पाहू लागे, पुढचा सगळा कार्यक्रम पचवून त्याच चित्रपटाच्या पहिल्या रिळापर्यंत येई आणि आपण शिरलो तो प्रसंग आला की उठून घरी जाई. ‘आपण आलो ते इथेच’ अशा अर्थाचे वाक्य इंग्रजी बोलण्यात रुळले ते या सवयीतून. १९४६ च्या सुमारास अमेरिकेत आठवड्याला ८ ते ९ कोटी तिकिटे खपत होती, असा अंदाज नेहमी दिला जातो. त्या गर्दीतल्या किती जणांनी खुनी आधी पाहिला आणि खून नंतर, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. पण व्यवस्थाच अशी होती की ते रोज घडत असणार. हे चित्र ताणू नये हेही खरे. वर्तमानपत्रांत वेळा छापल्या जात, वेळेवर येणारे लोक होतेच, आणि ‘गॉन विथ द विंड’सारख्या मोठ्या चित्रपटांसाठी राखीव जागांचे खास खेळही होत. परंतु रहस्यपटाचे नेहमीचे घर ते नव्हते. तो गल्लीतल्या थिएटरात, जोडीच्या कार्यक्रमात, सत्तर-ऐंशी मिनिटांत उरकणारा माल होता.

त्या मालाची घडण पाहिली तर निर्मात्यांनाही हे पुरते ठाऊक होते असे दिसते. चार्ली चॅन, फिलो व्हान्स, मिस्टर मोटो, द सेंट, द फाल्कन अशा गुप्तहेरांच्या मालिका वर्षाला दोन-तीन चित्रपटांच्या गतीने निघत. बेसिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस यांच्या शेरलॉक होम्सने १९३९ ते १९४६ या काळात १४ चित्रपट दिले. मालिकेचे गिऱ्हाईक दर खेपेला नवे कोडे पाहायला येते असे म्हणावे, तर उत्तराचा साचा त्याला आधीच माहीत असतो: होम्स हरणार नाही, वॉटसन चुकणार, इन्स्पेक्टर लेस्ट्रेड भलत्यालाच धरणार. माणसे येत ती ओळखीच्या मंडळींची गाठ पडावी म्हणून. १९३४ च्या ‘द थिन मॅन’मध्ये विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय यांनी रंगवलेले निक आणि नोरा हे जोडपे याचा सर्वांत बोलका पुरावा आहे. डब्ल्यू. एस. व्हॅन डाइकने तो चित्रपट दोन-अडीच आठवड्यांत उरकला आणि १९४७ पर्यंत त्याचे आणखी पाच भाग निघाले. आज कोणालाही विचारा, त्यातला खुनी कोण हे आठवायला वेळ लागेल. नवरा-बायकोची थट्टामस्करी आणि त्यांचा कुत्रा लगेच आठवेल. ‘माल्टीज फाल्कन’ची गोष्ट तर याहून मजेदार आहे. डॅशिएल हॅमेटची ही कादंबरी ‘ब्लॅक मास्क’ मासिकात क्रमशः येऊन १९३० मध्ये पुस्तकरूपाने निघाली. वॉर्नर ब्रदर्सने तिच्यावर १९३१ मध्ये एक चित्रपट काढला, १९३६ मध्ये नावे बदलून दुसरा काढला आणि १९४१ मध्ये ह्यूस्टनच्या हाती तिसरा दिला. म्हणजे आपण ज्याला रहस्यपटाचा आदर्श म्हणतो, त्याचे रहस्य तो पडद्यावर येण्याच्या दहा वर्षे आधीच उघडे पडले होते. ह्यूस्टनने कोडे बदलले नाही. त्याने माणसे बदलली.

यापेक्षा ठोस पुरावा ‘द बिग स्लीप’च्या कापाकापीत सापडतो. रेमंड चँडलरच्या कादंबरीवरचा हा चित्रपट हॉवर्ड हॉक्सने १९४४ च्या अखेरीस चित्रित करायला घेतला आणि १९४५ च्या सुरुवातीला तो पुरा झाला. परदेशी तैनात अमेरिकन सैनिकांना तो दाखवलाही गेला. युद्ध संपत आल्यामुळे स्टुडिओने आधी युद्धपट संपवायचे ठरवले आणि हा बाजूला राहिला. मधल्या काळात बोगार्ट आणि लॉरेन बकॉल यांचे लग्न झाले, बकॉलच्या दुसऱ्या एका चित्रपटावर टीका झाली आणि तिच्या एजंटने जॅक वॉर्नरकडे तिला आणखी ठसकेबाज प्रसंग देण्याची गळ घातली. १९४६ च्या आरंभी नवे चित्रण झाले. त्यात घोड्यांच्या शर्यतीच्या भाषेत चाललेले बोगार्ट-बकॉलचे दुअर्थी संभाषण आले. जागा करण्यासाठी जे गेले, त्यात सरकारी वकिलाच्या कचेरीतला एक लांब प्रसंग होता, ज्यात बोगार्टने रंगवलेला गुप्तहेर मार्लो सगळे प्रकरण क्रमाने उलगडून सांगतो. कोड्याचे स्पष्टीकरण कापून गप्पा घातल्या, आणि तोच चित्रपट ऑगस्ट १९४६ मध्ये लोकांसमोर येऊन गाजला. आधीची प्रत १९९७ मध्ये पुन्हा दाखवली गेली, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून पाहता आल्या. कथा पहिलीत जास्त कळते. चित्रपट दुसरा चांगला आहे यावर बहुतेकांचे एकमत झाले. शोफर ओवेन टेलरला कोणी मारले, असे चित्रीकरणाच्या वेळी तारेने विचारण्यात आले तेव्हा आपल्यालाही सांगता आले नाही, हे चँडलरने नंतर एका पत्रात स्वतःच लिहून ठेवले आहे. ज्याचे उत्तर लेखकापाशी नाही असे कोडे प्रेक्षकाने सोडवले नाही म्हणून काय बिघडते?

इथे एक आक्षेप रास्त आहे. शेवट सांगू नका ही विनंती काही १९५० नंतर जन्मलेली नाही. १९२६ च्या ‘द बॅट’ या मूकपटाच्या आरंभीच एक पाटी येते आणि खुनी कोण हे पुढच्या प्रेक्षकांना सांगू नये अशी गळ घालते. मग गुपित पहिल्यापासूनच मोलाचे नव्हते का? मोलाचे होते, पण कोणासाठी, हे पाहायला हवे. ‘द बॅट’ मुळात ब्रॉडवेवर खूप चाललेले १९२० चे नाटक. चित्रपट आला तेव्हा ते गुपित हजारो माणसांच्या तोंडी होते. अशी विनंती करावी लागते याचाच अर्थ लोक बोलत होते, आणि बोलणे हीच चित्रपट पाहण्याची नेहमीची तऱ्हा होती. दारावर ‘येथे थुंकू नये’ अशी पाटी दिसली की तिथे काय चालते ते कळते, तसेच हे. शिवाय ही विनंती व्यापारी युक्तीही होती. गुपित राखायला सांगितले की ते जाणून घ्यावेसे वाटते, आणि जाणून घ्यायला तिकीट लागते. अगाथा ख्रिस्तीचे ‘द माउसट्रॅप’ लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ रोजी सुरू झाले आणि शेवट बाहेर सांगू नये ही विनंती त्या नाटकाचा विधीच होऊन बसली. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे पडदा पडला तोवर ते अखंड चालले. इतक्या दशकांत गुपित खरोखर गुप्त राहिले असेल असे कोणी मानत नाही. लोक त्या विधीत सामील व्हायला जातात.

विनंतीचा नियम झाला तो १९५५ ते १९६० या पाच वर्षांत. आंरी-जॉर्ज क्लुझोच्या ‘ले दियाबोलिक’च्या अखेरीस प्रेक्षकांना गुपित राखण्याची सूचना आली. बिली वाइल्डरच्या १९५७ च्या ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’मध्ये शेवटी एक आवाज तीच विनंती करतो. आणि जून १९६० मध्ये आल्फ्रेड हिचकॉकने ‘सायको’साठी दारच लावून घेतले: चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही. त्यामागचे कारण व्यवहाराचे होते. पोस्टरवर झळकणारी जेनेट ली साधारण पाऊण तासाने कथेतून नाहीशी होते. उशिरा आलेला माणूस तिची वाट पाहत बसला असता. थिएटरमालकांना आधी धास्ती वाटली, कारण अखंड खेळाची सवय मोडणे म्हणजे गल्ल्यावर पाणी सोडणे. पण दाराबाहेर रांगा लागल्या, आणि रांग हीच जाहिरात झाली. हे नेमके तेव्हाच का घडले, तेही पाहावे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मोठ्या स्टुडिओंची थिएटरांवरची मालकी मोडली होती आणि घरोघर टीव्ही पोचला होता. रोजची सवय म्हणून थिएटरात येणारा माणूस आटत चालला होता. उरलेल्या प्रत्येक चित्रपटाला ‘घटना’ बनवणे भाग होते. सुरुवातीपासून, एकदम, गप्प बसून पाहण्याची शिस्त त्या गरजेतून घडली. अर्थात याचे श्रेय एकट्या ‘सायको’ला देणे अतिशयोक्तीचे होईल, पण आज ज्याला आपण रहस्यपट पाहण्याची स्वाभाविक रीत समजतो, तिचा इतिहास एवढा अलीकडचा आहे.

गंमत अशी की खुद्द हिचकॉकचा कोड्यावर विश्वास नव्हता. फ्रांस्वा त्रूफोशी झालेल्या प्रसिद्ध मुलाखतीत त्याने अचंबा आणि ताण यांतला फरक टेबलाखालच्या बॉम्बच्या दाखल्याने समजावला: बॉम्ब अचानक फुटला तर काही सेकंदांचा धक्का बसतो, पण तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितले तर साध्या गप्पांनाही धार येते. ‘सायको’च्या दोनच वर्षे आधी आलेल्या ‘व्हर्टिगो’त, माजी पोलिसाच्या शोधकथेतच, त्याने मुख्य गुपित शेवटाच्या बरेच आधी प्रेक्षकांना सांगून टाकले होते. तो एकटा नव्हता. वाइल्डरचा ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) खुन्याच्या कबुलीनेच सुरू होतो. ‘डी.ओ.ए.’ (१९५०) मध्ये एक माणूस पोलीस चौकीत शिरून आपलाच खून झाल्याची वर्दी देतो. टीव्हीवरच्या ‘कोलंबो’ने तर गुन्हा करणारा आधी दाखवून मग तो कसा सापडतो एवढ्यावरच वर्षानुवर्षे लोकांना खिळवून ठेवले. या सगळ्यांत प्रेक्षकाला पुढचे कळलेले असते आणि पडद्यावरच्या माणसाला नसते. जुना रहस्यपट दुसऱ्यांदा पाहणारा नेमक्या याच जागी जाऊन बसतो. पहिल्या पाहण्यात जो ‘माल्टीज फाल्कन’ अचंब्याचा होता, तो दुसऱ्या पाहण्यात ताणाचा होतो: मेरी ॲस्टरचे प्रत्येक वाक्य आता दुहेरी ऐकू येते.

पुन्हा पाहणाऱ्यांनी, आणि मिळून पाहणाऱ्यांनी, या चित्रपटांना काय दिले याचे दोन दाखले इतिहासात आहेत. जर्मन ताब्याच्या वर्षांत पॅरिसला अमेरिकन चित्रपट दिसलेच नव्हते. १९४६ च्या उन्हाळ्यात ‘माल्टीज फाल्कन’, ‘लॉरा’, ‘मर्डर, माय स्वीट’, ‘डबल इन्डेम्निटी’ असे वेगवेगळ्या वर्षांतले चित्रपट काही आठवड्यांच्या अंतराने एकापाठोपाठ एक येऊन धडकले. अमेरिकेत ते सुटे सुटे, जोडीच्या कार्यक्रमात विखरून पाहिले गेले होते. ते शेजारी शेजारी ठेवून पाहणाऱ्या नीनो फ्रांकसारख्या समीक्षकांना त्यांच्यातले कुळसाम्य दिसले आणि ‘फिल्म न्वार’ हे नाव रूढ झाले. दुसरा दाखला केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॅटल थिएटरचा. १९५३ मध्ये ब्रायंट हॅलिडे आणि सायरस हार्वी यांनी तिथे चित्रपट दाखवायला सुरुवात केली. जानेवारी १९५७ मध्ये बोगार्ट वारला, आणि त्यानंतरच्या वर्षांत हार्वर्डच्या परीक्षांच्या हंगामात त्याचे चित्रपट लावण्याची तिथे परंपराच पडली. विद्यार्थी नटाच्या आधी संवाद म्हणत. ज्यांना पुढचे वाक्य पाठ आहे त्यांना रहस्य कसले? पण बोगार्ट मेल्यानंतर दंतकथा झाला तो याच अंधारात. स्टुडिओच्या लेखी तो जुना, वापरून झालेला माल होता.

मराठी वाचकाला यात खरे तर काही नवल वाटू नये. कीर्तनाच्या उत्तररंगात कीचक मरणार हे देवळातल्या पोरालाही ठाऊक असते, आणि कोकणातला दशावतार पाहणारे रात्रभर जागतात ते संकासुराचे पुढे काय झाले या चिंतेने नव्हे. इथे एक आक्षेप घेता येईल: आपल्याकडे तर पहिल्यापासून ठरलेले खेळ आणि क्रमांकाच्या खुर्च्या होत्या, मग सुरुवातीपासून पाहण्याची रीत ही निव्वळ व्यापारी निर्मिती कशी? उत्तर असे की आपल्याकडेही ती तिकिटाच्या हिशेबातून आली. खेळ संपला की थिएटर रिकामे करून दुसऱ्या खेळाची माणसे आत घ्यायची होती. गुपिताचा मान राखणे हा तिचा हेतू नव्हता. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ चा. दोनच वर्षांनी राज खोसला यांनी तीच कथा ‘मेरा साया’ म्हणून हिंदीत आणली. ‘पाठलाग’ पाहिलेल्या माणसाला ‘मेरा साया’चे कोडे सुटलेले होते, आणि तरी तो पाहायला गेलेल्या मराठी माणसांची गणती नसेल. मिळून पाहून मग बोलायचे, या रीतीला आपल्याकडे शिस्तबद्ध रूप दिले ते फिल्म सोसायट्यांनी. १९४७ मध्ये सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली, १९५९ मध्ये देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ झाला, १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले, १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ. चित्रपट संपल्यावर चर्चा हा तिथे कार्यक्रमाचाच भाग. आजच्या ऑनलाइन मंडळाने ती चर्चा चित्रपटाच्या आधी किंवा नंतर न ठेवता चित्रपटाच्या आतच आणली, एवढाच फरक.

मधला दुवा टीव्हीचा आहे, आणि कायद्याचा. १९५५-५६ मध्ये अमेरिकन स्टुडिओंनी आपली जुनी भांडारे टीव्हीला विकायला काढली. वॉर्नरचे १९५० पूर्वीचे चित्रपट त्यातच गेले. ज्यांना थिएटरांनी कधीच उतरवले होते ते गुप्तहेर रात्री उशिरा घरात आले, मध्ये जाहिराती, बाजूला घरच्यांच्या गप्पा. पुढे व्हिडिओ आला आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीवरचा कार्यक्रम घरी मुद्रित करून सवडीने पाहणे हा गुन्हा नाही असा निर्णय दिला. थांबवणे, मागे नेणे, तोच प्रसंग पुन्हा पाहणे हे आता प्रेक्षकाच्या हातात आले. कायद्याचा दुसरा परिणाम कमी लक्षात येतो. अमेरिकेत १९६४ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या कृतीचा स्वामित्वहक्क २८ वर्षांनी नव्याने नोंदवावा लागे. ज्यांची नोंद राहून गेली ते चित्रपट सर्वांचे झाले. ‘डी.ओ.ए.’ त्यातला. ‘द वूमन इन ग्रीन’, ‘टेरर बाय नाइट’, ‘ड्रेस्ड टु किल’ आणि ‘शेरलॉक होम्स अँड द सीक्रेट वेपन’ हे रॅथबोनचे चार होम्सपटही त्यातलेच. एकत्र पाहायचे तर प्रत्येकाच्या देशात, प्रत्येकाच्या खिशाला परवडेल असा चित्रपट लागतो, आणि त्या वेळी हे पाच हटकून पुढे येतात. अभिजात काय ते केवळ रसिक ठरवतात असे आपण मानतो. एखाद्या कारकुनाने न भरलेला अर्जही ते ठरवतो.

२०२० मध्ये जे झाले ते या पार्श्वभूमीवर पाहावे. थिएटरे बंद पडली, आणि एकाच वेळी सगळ्यांचा पडदा चालू-बंद करणारी साधने एकदम घरोघर गेली. ‘नेटफ्लिक्स पार्टी’ नावाचे ब्राउझरला जोडायचे साधन आधीपासून होते. त्याच वर्षी त्याचे ‘टेलिपार्टी’ असे बारसे झाले. ॲमेझॉन आणि डिस्ने यांनीही आपापल्या सोयी काढल्या. प्रत्येकाकडे स्वतःचे सदस्यत्व हवे ही त्यांची अट कायद्यापायी आहे: घरात पाहणे आणि जाहीर खेळ करणे यांत कायदा फरक करतो, आणि एकाच्या खात्यावर शंभर जणांनी पाहिले तर तो जाहीर खेळ ठरण्याची भीती. साथ ओसरल्यावर यातल्या काही सोयी बंदही झाल्या. डिस्नेने आपली २०२३ मध्ये काढून टाकली. म्हणजे हे कंपन्यांच्या कृपेवर उभे राहिलेले फॅड होते, असे कोणी म्हणेल. पण फॅड असते तर साधन गेल्यावर संपले असते. ‘तीन, दोन, एक’ म्हणून हाताने बटण दाबणाऱ्यांना साधन लागत नाही. जुन्या चित्रपटांची अमेरिकन वाहिनी टीसीएम पाहणारी मंडळी साथीच्या कितीतरी वर्षे आधीपासून ट्विटरवर एकत्र जमून चालू चित्रपटावर शेरे मारत होती. २०१५ मध्ये त्या वाहिनीने एका विद्यापीठाच्या सहकार्याने ‘फिल्म न्वार’वर ऑनलाइन वर्गही भरवला. रीत आधी होती. साथीने तिला गर्दी दिली.

आता उरलेल्या दोन आक्षेपांकडे. पहिला असा की अस्सल कोड्याच्या कथांना हे लागू होत नाही. ख्रिस्तीचे उत्तर कळले की उरते काय? या आक्षेपात तथ्य आहे. पहिल्या पाहण्यातला चकवा एकदाच मिळतो, आणि तो कोणाकडून हिरावून घेणे वाईटच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा लघुकथा वाचायला दिल्या होत्या. शेवट आधी कळलेल्या वाचकांना त्या सरासरीने अधिक आवडल्या. पुढच्या काही अभ्यासांचे निष्कर्ष उलटही आले, तेव्हा एवढ्यावर विसंबू नये. अधिक भरवशाचा पुरावा लोकांच्या वागण्यात आहे. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’चे उत्तर हे रहस्यकथांतले बहुधा सर्वांत फुटलेले गुपित. तरी १९७४ मध्ये सिडनी ल्युमेटने त्यावर चित्रपट काढला आणि २०१७ मध्ये केनेथ ब्रानाने पुन्हा. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: पडद्याकडेच्या गप्पा हा सहवास नाही, त्याचा आभास आहे. थिएटरातला शेजारी अनोळखी असे. ऑनलाइन मंडळात आपण निवडलेलीच माणसे येतात. अनोळखी माणसाच्या हसण्याने आपल्याला हसू फुटणे, दोनशे जणांचा श्वास एकदम अडकणे, हे हेडफोन लावून मिळत नाही. हे मान्यच करावे लागेल. फक्त एवढे लक्षात ठेवावे की तुलना कोणत्या थिएटराशी चालली आहे. दार लावून घेणाऱ्या थिएटराशी केली तर हे मंडळ विस्कळीत वाटेल. पण ‘माल्टीज फाल्कन’ ज्या थिएटरात प्रथम लागला तिथे माणसे मध्येच येत, शेजाऱ्याला मागची गोष्ट विचारत आणि मध्येच उठून जात. त्या थिएटराशी केली तर हे ओळखीचे वाटेल.

अशा मंडळांत बहुधा एक तरी जण असा असतो ज्याने तो चित्रपट पाहिलेला नसतो, आणि तो आहे हे कळले की गप्पांचा सूर बदलतो. शेरे चालूच राहतात, पण खुन्याच्या बाजूने जाताना सगळे जरा पाय जपून टाकतात. पाटी लावून निर्मात्याने जे १९२६ मध्ये मागितले आणि दार लावून हिचकॉकने जे १९६० मध्ये वसूल केले, ते इथे कोणी न सांगता पाळले जाते, कारण ज्यांना गुपित ठाऊक आहे त्यांना त्या एकाचा चकित चेहरा पाहायचा असतो. गुपित आता चित्रपटाच्या मालकीचे राहिलेले नाही. ते जाणणाऱ्यांनी न जाणणाऱ्यासाठी सांभाळलेली गोष्ट झाली आहे. सॅम स्पेडच्या भागीदाराला कोणी मारले हे या लेखातही सांगितलेले नाही, ते याच रिवाजाला धरून.